थायरॉईडचे आयोडीन घेऊन आई कोकणात घरी आली: शोषखड्डा, विहीर आणि डायपर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचे थायरॉईडच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, मग मुंबईत १०० मिलिक्युरी किरणोत्सारी आयोडीन दिले आणि तिसऱ्या दिवशी घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर '१ मीटरवर १५ मायक्रोसीव्हर्ट प्रति तास' असा आकडा आहे. घर गुहागर तालुक्यात, जमीन जांभ्याची. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून ३५ फुटांवर आहे आणि पावसामुळे विहीर काठोकाठ भरली आहे. आईला लघवी आवरत नाही म्हणून डायपर लागतात. वाडीतले कुणी म्हणतात पुरा, कुणी म्हणतात जाळा. गणपती आठ दिवसांवर आलेत. शिवाय वाडीत अशीही चर्चा आहे की असले उपचार आपल्या जिल्ह्यात सुरू झाले तर रुग्णालय हे पाणी खाडीत सोडेल.

ह्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. आईच्या अंगातून बाहेर पडणारे किरण ही एक. तिच्या लघवी-घामातून बाहेर येणारे प्रत्यक्ष आयोडीन ही दुसरी. रुग्णालयाने स्वतः सांभाळायचा कचरा ही तिसरी. किरणांवर उपाय अंतर आणि वेळ. ते विहिरीत जात नाहीत, कपड्याला चिकटत नाहीत. चिकटते, वाहते ते आयोडीन, आणि तुमची खरी काळजी त्याचीच आहे.

ह्या आयोडीनचे, म्हणजे आयोडीन-१३१ चे, अर्धायुष्य ८ दिवस. आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, ऐंशी दिवसांनी हजारातला एक भाग उरतो. हा वेग कशानेही बदलत नाही. उकळा, जाळा, पुरा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाका, आयोडीन आपल्याच गतीने संपते. आपल्या हातात एवढेच असते की तोवर ते एका जागी राहावे. पुरणे आणि जाळणे हे दोन्ही सल्ले नेमके इथे चुकतात, कारण दोन्हींत ते जागेवर राहत नाही.

आधी तुमच्या कार्डावरच्या आकड्याचा अर्थ. मिलिक्युरी आणि बेकरेल ही किरणोत्सारी पदार्थ किती आहे त्याची मापे (मेगाबेकरेल म्हणजे दहा लाख बेकरेल), आणि सीव्हर्ट हे अंगाला किती किरण लागले त्याचे. आपल्याकडे १ मीटरवर ५० मायक्रोसीव्हर्ट प्रति तासाच्या खाली आल्यावरच रुग्णाला सोडतात. अंगात साधारण ११०० मेगाबेकरेल, म्हणजे ३० मिलिक्युरी, उरले की हा आकडा येतो. त्या हिशेबाने १५ म्हणजे सुमारे ३३० मेगाबेकरेल किंवा ९ मिलिक्युरी. दिलेल्या १०० पैकी ९० च्या वर आधीच गेले. त्यातले बहुतेक रुग्णालयाच्या संडासातून गेले आणि थोडे जागच्या जागी क्षय पावले. थायरॉईडची ग्रंथी काढलेली असल्याने आयोडीनला अंगात बसायला फारशी जागा नसते, म्हणून ते इतक्या लवकर बाहेर पडते. उरलेल्यातलेही बरेचसे घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जाईल. मानेतल्या उरल्यासुरल्या पेशींत अडकलेला छोटा हिस्सा तेवढा आठवडाभराच्या अर्धायुष्याने कमी होत राहील. मूत्रपिंडे कमकुवत असतील तर हे वेळापत्रक लांबते. आईची क्रिएटिनिन तपासणी बिघडलेली असेल, तर खाली दिलेले दिवस रुग्णालयाला विचारून वाढवून घ्या.

विहीर

विहिरीचा हिशेब मी मुद्दाम वाईटात वाईट धरून मांडतो. समजा विहीर दहा फूट व्यासाची आहे आणि तीत पंधरा फूट पाणी आहे. म्हणजे सुमारे ३३,००० लिटर. आईच्या अंगातले सगळेच्या सगळे ३३० मेगाबेकरेल आजच विहिरीत पडले तर लिटरमागे १०,००० बेकरेल होतील. असे होत नाही. पण जांभा सच्छिद्र असतो, त्यात भेगा आणि पोकळ नळ्या असतात. शिवाय आयोडीन हे सीझियमसारखे मातीला धरून बसणारे मूलद्रव्य नाही, ते पाण्याबरोबर चालते. 'जमीन गाळून घेईल' असा दिलासा मी देणार नाही.

तरीही शोषखड्ड्यातल्या आयोडीनचा शंभरातला एक भाग विहिरीपर्यंत पोचला आणि त्याला सोळा दिवस लागले असे धरू. मग लिटरमागे २५ बेकरेल येतात. मोठ्या माणसाने रोज दोन लिटर हे पाणी शेवटपर्यंत प्यायले तर पोटात एकूण ५८० बेकरेलच्या आसपास जातील, आणि त्याचा डोस सुमारे १३ मायक्रोसीव्हर्ट. वर्षभराच्या बाळाला रोज एक लिटर दिले तर ५० च्या आसपास, कारण लहान थायरॉईडवर तेवढ्याच आयोडीनचा परिणाम कितीतरी जास्त होतो. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १,००० मायक्रोसीव्हर्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक पातळी लिटरमागे १० बेकरेल आहे, पण ती वर्षभर तेच पाणी प्यायचे असे धरून काढलेली आहे. आपले २५ बेकरेल अकरा दिवसांत १० च्या खाली येतात. वर पावसाळ्यात विहिरीचे पाणी सतत बदलत असते, ते मी धरलेच नाही.

म्हणजे आयोडीनपुरते बोलायचे तर ही विहीर बंद करायची गरज नाही. पण ह्याच हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त बोचते. ज्या विहिरीत शोषखड्ड्यातला शंभरावा भाग येतो, त्या विहिरीत मैल्यातले जंतूही येतात, आणि त्यांची भर रोज पडत राहते. विहीर आणि शोषखड्डा ह्यांत किमान ५० फूट अंतर धरतात, तुमच्याकडे ३५ आहे. खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, चढाकडे असेल तर ते ३५ सुद्धा कागदावरचेच. ग्रामपंचायतीमार्फत पाण्याची जंतू तपासणी करून घ्या आणि पिण्याचे पाणी उकळा. उकळल्याने जंतू मरतात, आयोडीन जात नाही. घरात तान्हे मूल असेल तर त्याच्यासाठी महिनाभर नळपाणी योजनेचे किंवा चढावरच्या दुसऱ्या विहिरीचे पाणी आणा. दोन्ही काळज्या एका कळशीत मिटतात.

आता खड्ड्यातले पाणी विहिरीकडे कमीत कमी जावे म्हणून काय करता येईल ते. शोषखड्ड्यावर पागोळ्यांचे पाणी पडत असेल तर ते आजच वळवा. खड्ड्याच्या चढाकडच्या बाजूला वीतभर खोल चर काढून वाहते पाणी लांबून न्या, खड्ड्यावर प्लास्टिकचा कागद पसरून दगड ठेवा. दोन तासांचे काम आहे, पण बाकी कशाहीपेक्षा उपयोगी, कारण खड्ड्यातले पाणी बाहेर ढकलते ते वरून येणारे पावसाचे पाणी.

रुग्णालयाने 'दोनदा फ्लश करा' असे सांगितले असेल. शहरात ते बरोबर आहे. तिथे जितके जास्त पाणी तितके गटारात ते पातळ होते. शोषखड्ड्याला हा नियम डोळे झाकून लावू नका. शोषखड्ड्याच्या आधी सेप्टिक टाकी असेल तर तिच्यात पाणी साधारण एक-दोन दिवस थांबते. त्यात बादल्याच्या बादल्या ओतल्या तर आतले पाणी तितक्याच वेगाने पुढे ढकलले जाते. भांडे स्वच्छ निघेल इतके पाणी पुरे. भांड्यावर, कडेला, फरशीवर थेंब राहू नयेत, त्या सूचनेतला मुख्य मुद्दा तो आहे.

न्हाणीचे पाणी बहुतेक घरांत परसात सोडलेले असते. ते माडाच्या आळ्यात जात असेल तर जाऊ दे. नारळ तयार व्हायला वर्षभर लागते, आयोडीन त्याच्या कितीतरी आधी संपलेले असते. अळवाच्या वाफ्यात जात असेल तर मात्र पाणी दुसरीकडे वळवा आणि त्या वाफ्यातले अळू तीन महिने काढू नका. पान आठवड्यात ताटात येते, फरक तेवढाच. ऋषीपंचमीच्या भाजीला अळू दुसरीकडून आणावे लागेल.

आईचे कपडे, चादरी आठवडाभर वेगळ्या धुवा आणि दोनदा खळबळा. विहिरीच्या काठावरच्या धोंडीवर धुऊ नका. काठावरचे पाणी खड्ड्यातल्या पाण्यासारखे गाळत-रेंगाळत जात नाही, ते सरळ आत उतरते.

डायपर

हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग आहे, कारण ज्या लघवीची संडासात परस्पर वाट लागली असती ती इथे हातात येते. लघवी आवरत नाही हे उपचाराआधी सांगितले तर काही रुग्णालये पहिले काही दिवस कॅथेटर (लघवीची नळी) ठेवतात आणि आकडा आणखी खाली आल्यावरच सोडतात. पुन्हा डोस घ्यायची वेळ आली तर हे आधीच बोला.

जाळू नका. आयोडीन उष्णतेने वाफ होऊन धुरात जाते, आणि पातेरा पेटवल्यासारखा तो धूर अंगणात पसरला की सगळ्यांच्या श्वासात. डायपर ओले असतात, नीट जळतही नाहीत, धुमसत राहतात. पुरूही नका. पावसाळ्यात आगरात दोन फुटांवर पाणी लागते आणि वर पुरलेले कुत्री, कोल्हे उकरतात. आत्ताच घंटागाडीतही देऊ नका. पुढे ते कुणीतरी हाताने निवडणार असते, आणि त्याला पिशवीत काय आहे हे माहीत नसते. मुंबईला परत नेऊन देण्याचा विचार असेल तर एसटीत ती पिशवी पायाशी ठेवून आठ-दहा तास बसणे हे घरी ठेवण्यापेक्षा वाईट.

घरी ठेवायचे ते असे. झाकण घट्ट बसणारी ५० लिटरची दोन प्लास्टिक पिंपे घ्या. पत्र्याचा डबा नको, खाऱ्या हवेत आणि लघवीत तो तीन महिने टिकत नाही, तळ गळतो. डायपर बदलणाऱ्याने फेकून द्यायचे हातमोजे घालावेत. डायपर आतल्या बाजूने गुंडाळून लहान पिशवीत, तिला गाठ, मग ती जाड पिशवीत. मोजे, पुसायचे कागद त्याच पिशवीत. नंतर साबणाने हात धुवायचे. हे काम घरातल्या गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने करायचे नाही. दोन-तीन मोठ्या माणसांनी वाटून घेतले तर उत्तम.

वास मारायला लागला की लोक हमखास ब्लीचिंग पावडर नाहीतर ॲसिड टाकतात. ही चूक मी ठळकपणे सांगतो, कारण साफसफाईच्या चांगल्या सवयीतूनच ती होते. क्लोरीन किंवा आम्ल आयोडीनला मोकळे करून हवेत उडवते. चुलीतली थंड राख किंवा लाकडाचा भुसा घाला. दोन्ही ओल शोषतात, आणि राख अल्कधर्मी असल्याने आयोडीन जागेवर राहायला मदतच होते. संडासातही हे दोन आठवडे ॲसिड नको, साधा साबण वापरा.

पिंपे मांगरात किंवा गोठ्याच्या मागच्या पडवीत, जमिनीपासून चार विटा वर ठेवा. वहाळाचे पाणी चढते तिथे नकोत. झोपायच्या आणि चुलीच्या जागेपासून १५-१६ फूट अंतर असू दे. ह्या अंतराचे कारण साधे आहे. समजा आईच्या अंगातले सगळे आयोडीन पिंपात आले, तरी १ मीटरवर जे १५ असेल ते ५ मीटरवर ०.६ होते, कारण अंतर पाचपट झाले की किरणांची तीव्रता पंचवीसपट घटते. झाकणावर दगड ठेवा, घुशी आणि कुत्र्यांसाठी. वर कागद चिकटवा: 'वैद्यकीय कचरा, उघडू नये', शेवटची पिशवी टाकल्याची तारीख आणि उघडायची तारीख. किरणोत्साराचे तीन पाकळ्यांचे चिन्ह काढू नका. त्याने सावधपणा येत नाही, गाव गोळा होते.

पहिले दहा दिवस असे वेगळे ठेवा. रुग्णालयाने जास्त सांगितले असेल तर तितके. रोज सहा धरले तर साठेक डायपर होतील. शेवटची पिशवी टाकल्यापासून ऐंशी दिवस मोजा. ३३० मेगाबेकरेल सगळे पिंपात आले असे धरले तरी ऐंशी दिवसांनी एक तृतीयांश मेगाबेकरेलच्या आत येतात. आयोडीन-१३१ साठी नियमनातून सूट मिळण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १ मेगाबेकरेल आहे, त्याच्याही हे खाली आहे. मग कागद फाडून पिशव्या नेहमीच्या कचऱ्यात द्या. तोवर पाऊस संपलेला असतो, ही ह्या दिवसांत डोस घेण्यातली एक सोय.

गादीवर रेक्झिन किंवा प्लास्टिक आधीच घाला. गादी भिजलीच तर धुवायच्या नादी लागू नका, ती रेंगाळत सुकते आणि खळ्यात मुले तिच्यावर लोळतात. प्लास्टिकात गुंडाळून पिंपाशेजारी ऐंशी दिवस ठेवा.

गणपती

इथे प्रश्न फक्त अंतराचा. १ मीटरवर १५ असेल तर २ मीटरवर ४ च्या आत येते, आणि आठ दिवसांनी मूळ १५ च बरेच खाली आलेले असेल. आईने आरतीला उभे राहावे, दर्शनाला येणाऱ्यांशी बोलावे. तिच्या मांडीवर लहान मूल बसवू नये आणि गरोदर सून-लेकीने तिच्याशेजारी झोपू नये, कार्डावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत. चाकरमानी आले की एका खोलीत दाटीवाटीने अंथरुणे पडतात, तिथे मात्र आईची खोली वेगळी हवी. पहिला आठवडा तिने दुसऱ्यांसाठी स्वयंपाकही करू नये. गणपतीपर्यंत तो आठवडा नुकताच संपलेला असेल, तरी मोदक ह्या वर्षी दुसऱ्या कुणी वळावेत. ताट-वाटी नेहमीसारखी घासली की पुरे, वेगळी ठेवली तर बरेच, फेकून द्यायची गरज नाही. उपचाराआधी मासळी आणि आयोडीनयुक्त मीठ बंद होते, ते आता सुरू करायला हरकत नसते, डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

घरातले एवढे: लघवी शोषखड्ड्यात जाऊ द्यायची पण पाऊस तिथून वळवायचा, डायपर ऐंशी दिवस झाकून ठेवायचे, जाळायचे-पुरायचे-ब्लीच टाकायचे नाही. आता खाडीचा प्रश्न.

रुग्णालय काय करते

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय कुठलेही रुग्णालय हे आयोडीन मागवू शकत नाही, आणि परवान्याआधी इमारतीचा नकाशाच मंजूर करून घ्यावा लागतो. ३० मिलिक्युरीच्या वर डोस द्यायचा तर वेगळी खोली, तिला स्वतंत्र संडास, आणि त्या संडासाची नळी थेट डिले टँकमध्ये, म्हणजे सांडपाणी रोखून ठेवायच्या टाकीत. किरणोत्सर्गी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे १९८७ चे नियम ह्याला लागू होतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागू नाहीत. तो आधी 'थंड' व्हावा लागतो, मगच रुग्णालयाच्या नेहमीच्या कचऱ्यात जातो.

टाक्या किमान दोन असतात. एक भरते, तोवर दुसरी बंद ठेवून आयोडीन क्षय पावू देतात. किती दिवस थांबायचे हे 'दहा अर्धायुष्ये' असे पाठ म्हणून ठरत नाही, सुरुवातीला किती होते त्यावर ठरते. समजा टाकी ६,००० लिटरची आहे. एक रुग्ण दिवसाला बारा वेळा ६ लिटरचा फ्लश, वर आंघोळ, हात धुणे धरून दीडशे लिटर सोडतो आणि तीन दिवस राहतो. म्हणजे माणशी ४५० लिटर, तेरा रुग्णांत टाकी भरली. प्रत्येकी ३,७०० मेगाबेकरेल, म्हणजे तुमच्या आईएवढा डोस, आणि सगळा टाकीत गेला असे धरले तर घनमीटरमागे सुमारे ८,००० मेगाबेकरेल. सोडण्याची मर्यादा घनमीटरमागे २२.२ मेगाबेकरेल. ३६० पट कमी व्हायला साडेआठ अर्धायुष्ये, म्हणजे ६८ दिवस. ह्या ६८ दिवसांत दुसरी टाकी भरता कामा नये, आणि त्यावरूनच आठवड्याला किती रुग्ण घ्यायचे ते ठरते. बहुतेक गडबड इथेच होते: खाटा वाढतात, टाक्या त्याच राहतात.

ह्यात एक गंमत आहे, ती वास्तुविशारदांना पटकन पटत नाही. रुग्णामागे सोडले जाणारे एकूण पाणी निम्मे केले तर टाकीतले प्रमाण दुप्पट होते, पण थांबण्याचा काळ फक्त एका अर्धायुष्याने, म्हणजे आठ दिवसांनी वाढतो. उलट टाकी भरायला लागणारे दिवस दुप्पट होतात. त्यामुळे डिले टँकच्या संडासाला मोठी फ्लश टाकी बसवणे हा तोट्याचा सौदा.

कोकणात ह्या टाक्यांच्या दोन अडचणी आहेत. जमिनीखालची टाकी रिकामी असताना पावसाळ्यात भूजल वर आले तर ती चक्क तरंगते, नळ्यांचे सांधे तुटतात. म्हणून तिला तळाला जड काँक्रीटमध्ये जखडावी लागते किंवा सरळ जमिनीवर बांधावी लागते. दुसरी, झाकणातून किंवा भेगेतून पावसाचे पाणी आत शिरले तर एकही रुग्ण नसताना टाकी भरत जाते. रुग्ण नसलेल्या आठवड्यात पातळी चढली की टाकी गळकी आहे हे ओळखावे. पाणी आत येते त्याच वाटेने, उन्हाळ्यात भूजल उतरल्यावर, ते बाहेरही जाते.

घन कचरा, म्हणजे सिरिंज, मोजे, चादरी, समस्थानिकाप्रमाणे, म्हणजे कुठला किरणोत्सारी पदार्थ वापरला त्याप्रमाणे, वेगळा ठेवतात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य ६ तास, फ्लोरिन-१८ चे ११० मिनिटे, ल्युटेशियम-१७७ चे साडेसहा दिवसांच्या वर. टेक्नेशियमच्या पिशवीत आयोडीनची एक सिरिंज पडली की तीन दिवसांची पिशवी तीन महिन्यांची होते. ल्युटेशियममध्ये त्याच्याच दुसऱ्या रूपाची भेसळ असू शकते, तिचे अर्धायुष्य १६० दिवस, म्हणून त्या कुप्या मोजल्याशिवाय टाकत नाहीत. पिशवी बाहेर काढताना मोजायची ती कचऱ्याच्या खोलीत नाही. तिथे शेजारच्या पिशव्यांमुळे काटा वरच असतो आणि 'पार्श्वभूमीइतकेच आहे' असे खोटे समाधान मिळते. पिशवी दूर नेऊन, तिथली पार्श्वभूमी, म्हणजे आसपास एरवीही असणारे किरण, आधी मोजून, मग पृष्ठभागाला लावून मोजतात. दमट हवेने सर्व्हे मीटर, म्हणजे किरण मोजायचे यंत्रही, फसवतो, त्याच्या पेटीतली सिलिका जेल पावसाळ्यात वरचेवर बदलावी लागते.

कोबाल्ट-६० सारखे उपचाराचे सीलबंद स्रोत ह्या सगळ्यात बसतच नाहीत. कोबाल्टचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, ते साठवून संपवायची गोष्ट नाही, पुरवठादाराकडे परत जावे लागते. दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० साली माणूस दगावला तो विद्यापीठातून लिलावात गेलेल्या संशोधन यंत्रातल्या कोबाल्टने. क्ष-किरण आणि सीटी यंत्रांत मात्र किरणोत्सारी पदार्थ नसतोच, बटण बंद की किरण बंद.

मग खाडी? मर्यादेखाली आलेले पाणी रुग्णालयाच्या सांडपाणी प्रक्रियेत जाते, थेट खाडीत सोडू नये असे माझेही मत आहे. समुद्री शेवाळ आयोडीन गोळा करून ठेवते, त्यामुळे 'भरतीत पातळ होईल' हा युक्तिवाद आयोडीनच्या बाबतीत लंगडा पडतो. केंद्र येणार असेल तर ग्रामसभेत विचारायचे प्रश्न दोनच: टाक्या किती लिटरच्या आणि आठवड्याला रुग्ण किती. ह्या दोन आकड्यांवरून वर केला तसा हिशेब कोणालाही करता येतो.

आईला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पडणे अशा कारणाने जवळच्या दवाखान्यात न्यावे लागले तर डिस्चार्ज कार्ड आधी दाखवा. उपचार अडवू नयेत, फक्त तिची लघवीची पिशवी वेगळी ठेवावी. आणि पुढे कधी हाडांचा स्कॅन सांगितला, तर त्याला टेक्नेशियम वापरतात. त्या वेळचे डायपर तीन दिवस झाकून ठेवले की नेहमीच्या कचऱ्यात टाकता येतात.